कर घेताना संपत्ती, दाद मागताना नुसता आकडा

जुलैमध्ये विवरणपत्रांची घाई सुरू झाली की जळगाव-भुसावळच्या करसल्लागारांकडे केळी-कापसाच्या फायलींसोबत आता मोबाइलचे स्क्रीनशॉटही यायला लागले आहेत. कुणी टेलिग्रामवर स्क्रीनवर बोट आपटून नाणी जमवलेली असतात, कुणी खेळातली पात्रं विकत घेऊन ती झुंजवलेली असतात. मुलगा विचारतो, ‘हे दाखवावं लागतं का?’ बाप विचारतो, ‘हे आपलं आहे का?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात ठसठशीत लिहिलेलं आहे. दुसऱ्याचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी, चार वेगवेगळ्या कायद्यांतून जुळवावं लागतं. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे. ज्या वस्तूवर सरकार ३० टक्के कर घेतं, तिच्यावर धारकाचा हक्क किती हे आधी ठरायला हवं. आणि ते ठरवताना खेळाचं नाव काय, तो कौशल्याचा की नशिबाचा, यापेक्षा एकच गोष्ट बघावी: त्या नाण्याला खेळाच्या बाहेर पडायची वाट आहे का?

एकाच नाण्याच्या तीन अवस्था असतात. आधी ते कंपनीच्या सर्व्हरवरचा आकडा असतं. मग कधीतरी ते ब्लॉकचेनवरचं, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या सामाईक वहीतलं टोकन होऊन खेळणाऱ्याच्या डिजिटल पाकिटात, वॉलेटमध्ये येतं. शेवटी त्याचे रुपये होऊन बँकेत जमा होतात. खेळणाऱ्याला हे सगळं एकच वाटतं. कायद्याला तसं वाटत नाही.

पहिल्या अवस्थेत हातात काय असतं ते टेलिग्रामवरच्या हॅमस्टर कॉम्बॅट या खेळावरून नीट कळतं. २०२४ च्या उन्हाळ्यात गावोगावची पोरं या खेळात कोट्यवधींची ‘नाणी’ जमवत होती. २६ सप्टेंबर २०२४ ला त्याचं टोकन बाजारात आलं. कंपनीच्याच आकड्यांनुसार खेळणारे होते ३० कोटी आणि टोकनला पात्र ठरले १३ कोटींच्या आसपास. पात्र कोण, याचे निकष कंपनीचे. फसवणूक करून नाणी जमवली की नाही, हे तपासणारी कंपनीच, आणि तक्रार करायची तीही तिच्याकडेच. कित्येकांच्या त्या कोट्यवधींचे शेवटी मोजके डॉलर झाले. यावर कुणी दावा लावला असता तर वकिलाने आधी खेळाच्या अटी उघडायला लावल्या असत्या. तिथे बहुतेक वेळा एकच ठरलेलं वाक्य असतं: या नाण्यांना रोख मूल्य नाही, ती दुसऱ्याला देता येत नाहीत आणि हा परवाना कंपनी कधीही काढून घेऊ शकते. म्हणजे टोकन येईपर्यंत खेळणाऱ्याकडे आशेपलीकडे काही नसतं, आणि आशेवर हुकूमनामा मिळत नाही.

फुकट जमवलेल्या नाण्यांबाबत हे एक वेळ चालून जाईल. पण रोख पैसे मोजून घेतलेल्या नाण्यांचीही हीच गत आहे. २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंसाठी त्याचे सर्व्हर बंद झाले. लोकांनी विकत घेतलेली त्या खेळातली नाणी, यूसी, तिथेच अडकली. २०२१ मध्ये पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय आलं आणि जुनं खाते तिकडे नेण्याची सोय कंपनीने दिली, म्हणून बऱ्याच जणांचं निभावलं. ती सोय होती, हक्क नव्हता. दिली नसती तरी कुठल्या कलमाचा भंग झाला, हे दाखवणं अवघड गेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत अशा शिलकीचं सगळ्यात जवळचं नातं ‘क्लोज्ड सिस्टिम’ प्रीपेड साधनाशी आहे. एकाच कंपनीकडे खर्च होणारी, रोखीत न निघणारी अशी ही शिल्लक. पण असं साधन काढायला रिझर्व्ह बँकेची परवानगीच लागत नाही, त्यामुळे त्यातल्या पैशांवर तिची नजरही नसते.

दुसऱ्या अवस्थेत चित्र पालटतं. वॉलेट उघडणारी बारा शब्दांची किल्ली ज्याच्याकडे, त्याला टोकन कंपनीला न विचारता कुणालाही पाठवता येतं. इथे कायदा जागा होतो, आणि सगळ्यात आधी जागं होतं आयकर खातं. २०२२ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ही व्याख्या घातली, कलम २(४७अ). ती फार रुंद आहे: मूल्य दाखवणारी, इलेक्ट्रॉनिक रीतीने पाठवता-साठवता येणारी कुठलीही माहिती, कोड, आकडा किंवा टोकन, मग ते क्रिप्टोग्राफीने बनलेलं असो वा ‘अन्यथा’. या एका ‘अन्यथा’मुळे ब्लॉकचेनशी संबंध नसलेलं खेळातलं नाणंही व्याख्येच्या जाळ्यात येऊ शकतं. म्हणून ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने गिफ्ट कार्ड, रिवॉर्ड पॉइंट, मायलेज पॉइंट आणि सबस्क्रिप्शन यांना बाहेर काढलं. खेळातल्या नाण्यांचा मात्र त्यात उल्लेख नाही. फुकट मिळालेलं आणि त्याच ॲपमध्ये वस्तू घेण्यापुरतं चालणारं नाणं रिवॉर्ड पॉइंट म्हणून बाहेर राहील, असा युक्तिवाद करता येतो आणि तो टिकावा असं आम्हाला वाटतं. पण अधिसूचनेत दोन ओळी वाढवल्या असत्या तर युक्तिवादाची वेळच आली नसती.

आता हिशेब बघा. समजा, शहाद्याच्या एका विद्यार्थ्याने एका खेळातून फुकट मिळालेली टोकनं २०,००० रुपयांना विकली. दुसऱ्या खेळात शिरण्यासाठी त्याने १२,००० रुपयांची पात्रं एनएफटी (ब्लॉकचेनवर नोंदलेली एकमेव डिजिटल वस्तू) म्हणून घेतली होती, ती पडेल भावाने ४,००० ला विकावी लागली. त्याच्या खिशाच्या हिशेबाने वर्षाची कमाई १२,००० रुपये. कायद्याच्या हिशेबाने ती २०,०००, कारण कलम ११५ बीबीएच प्रमाणे एका डिजिटल मालमत्तेतला तोटा दुसरीच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. ३० टक्के म्हणजे ६,००० आणि वर ४ टक्के सेस २४०, एकूण ६,२४० रुपये. दुसरं कुठलंही उत्पन्न नसलं तरी मूळ करमुक्त मर्यादा इथे उपयोगी पडत नाही. डेटा पॅक, नेटवर्क फी, मोबाइल, यातलं काहीच खर्च म्हणून चालत नाही, चालते ती निव्वळ खरेदीची किंमत. म्हणजे खऱ्या १२,००० च्या कमाईवर ५२ टक्के कर. भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे टोकन खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात, विक्री झाली असेल तर १ टक्का टीडीएस आधीच कापलेला असतो, तो यातून वळता होतो, एवढाच दिलासा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, दर तेच राहिले.

याहून किचकट प्रश्न टोकन हातात आलं त्या दिवसाचा. त्या दिवशीच्या भावाने ते उत्पन्न धरायचं का? धरलं, तर विकताना तीच किंमत खरेदी म्हणून वजा मिळायला हवी, नाहीतर एकाच रुपयावर दोनदा कर बसतो. खेळातून मिळालेल्या टोकनबद्दल हे कुठे सरळ लिहिलेलं नाही. व्यवहारात बहुतेक सल्लागार खरेदी शून्य धरून विक्रीच्या दिवशीच पूर्ण रकमेवर कर भरायला सांगतात. सुरक्षित वाट तीच आहे, पण सल्लागाराच्या अंदाजावर चालणारी करव्यवस्था ही कायद्याची शोभा नव्हे. ज्यांना भरायचंच आहे त्यांनी निदान एवढं करावं: आयटीआर-१ भरू नये, त्यात यासाठी जागाच नाही. आयटीआर-२ किंवा ३ मध्ये व्हीडीए (आभासी डिजिटल मालमत्ता) नावाचं परिशिष्ट आहे. त्यात प्रत्येक व्यवहाराची मिळाल्याची तारीख, विकल्याची तारीख, खरेदी किंमत आणि विक्री किंमत वेगवेगळी लागते. टीडीएस वार्षिक माहितीपत्रकात दिसतो आणि विवरणपत्रात व्यवहार दिसत नाही, ही विसंगती खात्याच्या संगणकाला लगेच सापडते. वॉलेटचा पत्ता, व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरचा त्याचा नोंद-क्रमांक) आणि त्या दिवशीचा रुपयातला भाव वहीत किंवा शीटमध्ये त्याच दिवशी लिहून ठेवावा. वर्षभराने ॲप उघडेलच याची खात्री नसते.

तिसरी अवस्था रुपयांची, आणि खान्देशात खरा फटका इथेच बसतो. भारतीय एक्स्चेंजची केवायसी टाळायला पोरं परदेशी ॲपवर ‘पी टू पी’ने, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला विकतात. समोरचा अनोळखी माणूस यूपीआयने पैसे पाठवतो, टोकन त्याच्याकडे जातं. काही दिवसांनी कळतं की ते पैसे कुठल्यातरी राज्यात कुणाला तरी फसवून काढलेले होते. तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर गेलेली असते, पैशाचा माग काढत पोलीस या खात्यापर्यंत येतात आणि खाते गोठतं. रावेर-यावलच्या घरात तेच खाते केळीच्या पट्टीचं, पीककर्जाचं आणि विम्याचं असतं. पोराच्या दोन हजारांसाठी बापाचे दोन लाख अडकतात. अशा वेळी शाखेतून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्यावं. त्या ठाण्याला ऑर्डरचा तपशील, हॅश आणि चॅट पाठवावं, आणि पूर्ण खात्याऐवजी वादातल्या रकमेपुरताच अडकाव ठेवा अशी मागणी करावी. काही उच्च न्यायालयांनीही याच धर्तीवर आदेश दिलेले आहेत. शेतीचं खाते अशा व्यवहारांपासून वेगळं ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

नाणं चोरीला गेलं तर? जुन्या दंडसंहितेत ‘जंगम मालमत्ता’ म्हणजे मूर्त, हाताला लागणारी वस्तू. त्यामुळे वॉलेट रिकामं झालं म्हणून धुळ्याच्या ठाण्यात गेलेल्याला ‘यात चोरी कसली?’ असं विचारण्याला पोलिसांकडे कायद्याचा आधार होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या व्याख्येतून ‘मूर्त’ हा शब्द वगळला गेला आहे. आता जमीन आणि जमिनीला जोडलेलं सोडून सगळ्या प्रकारची मालमत्ता त्यात बसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका एक्स्चेंजवर अडकलेल्या एक्सआरपी या क्रिप्टो नाण्यांच्या प्रकरणात क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी सांभाळताही येते, असं म्हटलं. याआधी ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिप्टो व्यवहारांना बँकसेवा देऊ नका, असं सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक रद्द केलं होतं, पण तो प्रश्न व्यवसायाच्या स्वातंत्र्याचा होता, मालकीचा नव्हे. मालकीकडे न्यायालयं आता कुठे वळू लागली आहेत. वॉलेटमधल्या टोकनबद्दल म्हणूनच आम्ही आशावादी आहोत. सर्व्हरवरच्या आकड्याबद्दल नाही.

मग आला ऑनलाइन गेमिंगचा कायदा, राष्ट्रपतींची मंजुरी २२ ऑगस्ट २०२५. त्याने कौशल्य की नशीब हा जुना वाद पैशांच्या खेळांपुरता निकालात काढला: पैसे किंवा ‘इतर पण’ (पैशांऐवजी डावावर लावलेली गोष्ट) लावून, आर्थिक लाभाच्या अपेक्षेने खेळला जाणारा कुठलाही ऑनलाइन खेळ बंद. या ‘इतर पणा’त पैसे देऊन घेतलेली क्रेडिट, नाणी, टोकन, वस्तू, खऱ्या असोत की आभासी, सगळं येतं. व्याख्येच्या या टोकाकडे फार कमी लोकांनी लक्ष दिलं. याचा अर्थ, फुकट बोट आपटून टोकन मिळवणारे खेळ बहुधा या बंदीबाहेर राहतात, पण आधी पात्रं विकत घ्या, मग खेळून कमवा, ही ॲक्सी इन्फिनिटीसारखी रचना थेट आत येते. आमच्या मते ती आत येणं योग्यच आहे. ॲक्सीत खेळायला तीन पात्रं विकत घ्यावी लागत, आणि जिंकल्यावर एसएलपी नावाचं टोकन मिळे. रोज नवी टोकनं तयार होत. ती खर्च होण्याची मुख्य जागा म्हणजे नवी पात्रं जन्माला घालणं, आणि ती पात्रं घेणार कोण, तर नवे खेळाडू. भरती थांबली की टोकनांचा पूर येणार हे गणितच होतं. २०२१ च्या जुलैत पाव डॉलरच्या वर असलेलं एसएलपी २०२२ च्या मध्यापर्यंत एका सेंटच्याही खाली गेलं. आधी आलेल्यांना नंतर आलेल्यांच्या पैशांतून मोबदला देणारी साखळी ‘खेळ’ म्हणवून घेते म्हणून तिला वेगळी वागणूक का द्यावी?

हा कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही, हे चांगलं. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. अहिराणीत रील बनवून ‘खेया आनि कमाडा’ (खेळा आणि कमवा) म्हणत रेफरल लिंक टाकणाऱ्या पोरांनी हे दुसरं कलम दोनदा वाचावं. आपण नुसते खेळाडू आहोत असा त्यांचा समज असतो. लिंक टाकली की ते जाहिरातदार होतात. कायद्याच्या वैधतेला दिलेली आव्हानं सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाली आहेत, पण तेवढ्या भरवशावर लिंक टाकत राहणं महागात पडेल.

अठरा वर्षांखालच्यांचा मुद्दा वेगळाच. त्यांचा करार १८७२ च्या करार कायद्याने मुळातच चालत नाही, म्हणून खाते बापाच्या पॅनवर उघडलं जातं. कायद्याच्या नजरेत मग नाणं, कर आणि नोटीस, तिन्ही बापाचं. मुलाच्या नावावर असतं तरी अल्पवयीनाचं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळवलं जातं. एक अपवाद आहे तो मुलाने स्वतःच्या कौशल्याने किंवा हुन्नराने मिळवलेल्या उत्पन्नाचा. ई-स्पोर्ट्स स्पर्धेचं बक्षीस त्यात बसावं. दिवसभर स्क्रीनवर बोट आपटण्याला हुन्नर म्हणायचं का, हा प्रश्न कर अधिकाऱ्यापुढे उभा राहील तेव्हा गंमत येईल.

‘नाण्यांना मालमत्ता म्हटलं तर मागच्या दाराने जुगार आत येईल’ हा आक्षेप वजनदार आहे. पण मालकी मान्य करणं म्हणजे व्यवहार मान्य करणं नव्हे. पैजेचा करार त्याच करार कायद्याच्या कलम ३० ने निरर्थक आहे, तरी मटक्याच्या टपरीतली रोकड कुणी उचलली तर ती चोरीच असते. बंदी घातलेल्या खेळातलं टोकन कुणी वॉलेटमधून पळवलं तर तिथेही हाच न्याय हवा.

जळगाव जिल्ह्याला पतसंस्थांमध्ये अडकलेल्या ठेवींचा मोठा आणि कडू अनुभव आहे. ठेवीदारांची वर्षं गेली, पण त्यांच्या हातात पावती होती. पावती म्हणजे देणं. ते बुडवणाऱ्यांची मालमत्ता जप्त करायला १९९९ चा एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण कायदाही होता. विकत घेतलेल्या नाण्यांच्या शिलकीला असा कुठलाही दाखला नाही. म्हणून बाहेर पडायची वाट नसलेल्या नाण्यांना मालमत्ता म्हणावं असा आमचा आग्रह नाही, त्यांना देणं म्हणावं एवढाच आहे. खात्यात विकत घेतलेली नाणी आणि खेळून मिळवलेली नाणी वेगवेगळी दिसावीत. खेळ बंद करायचा तर ९० दिवस आधी कळवावं आणि विकत घेतलेली, न वापरलेली शिल्लक मूळ खात्यात परत जावी. मिळवलेल्या आकड्यावर परतावा नको. तो दिला तर प्रत्येक खेळ पगाराचं साधन होईल. कंपन्या म्हणतील की हिशेब ठेवणं अवघड आहे. पण यूसी किती विकले आणि किती खर्च झाले, याचा हिशेब त्यांच्याकडे पैशापैशापर्यंत असतो.

बाहेर पडायची वाट असलेल्या टोकनांना कायद्यानेच मालमत्ता म्हणावं आणि मग त्यांना मालमत्तेसारखंच वागवावं. एकाच वर्षातला डिजिटल मालमत्तेतला तोटा डिजिटल मालमत्तेतल्या नफ्यातून वजा होऊ द्यावा. मिळाल्याच्या दिवशी कर नको, विकल्याच्या दिवशी शून्य खरेदी धरून तो घ्यावा. सरसकट सूट मात्र देऊ नये. अमुक रकमेपर्यंत करमुक्त केलं की दुसऱ्या दिवशी मोठी रक्कम दहा पोरांच्या वॉलेटमध्ये वाटली जाईल.

राहिलं दाद मागण्याचं. पैसे देऊन नाणी घेतली असतील तर माणूस ग्राहक ठरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली तर काही कंपन्या तिथेच तडजोड करतात. फुकट खेळणाऱ्याने मोबदला दिलेला नसल्यामुळे तो ग्राहक ठरवणंच अवघड. पण पैसे दिलेल्याचीही एका ठिकाणी गाडी अडते. ‘शिल्लक कधीही रद्द करू’ ही अटच अन्यायकारक आहे असं म्हणायचं तर ‘अन्यायकारक करारा’ची तक्रार जिल्हा आयोग ऐकू शकत नाही, ती राज्य आयोगाकडेच न्यावी लागते. नवापूरच्या माणसाचे खेळातले ९०० रुपयांचे विकतचे ‘डायमंड’ बुडाले तर तो एवढ्यासाठी राज्य आयोगात जाणार नाही, आणि अट लिहिणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. ठरावीक रकमेच्या आतल्या डिजिटल शिलकीपुरता तरी हा अधिकार जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा आयोगांना द्यायला कायद्यात एक छोटी दुरुस्ती पुरेल.